एकासाठी चाळीस तास



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ मला चर्चच्या आवारात भेटले. आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केलेला माणूस. अजूनही आपल्या धर्मग्रामाच्या जमाखर्चावर त्यांची बारीक नजर असते आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते म्हणाले, "फादर, राग मानू नका, पण एक विचारतो. त्या तिघांनी एका बाईसाठी चाळीस तास घालवले. चाळीस तास! तेवढ्या वेळात किती जणांचं काम झालं असतं?"

मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याकडे उत्तर नव्हते. हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगून मी तो विषय मिटवू शकलो असतो, पण प्रामाणिक प्रश्नाला दाखल्याने गप्प करणे बरे नव्हे. तेव्हा तो प्रश्न मी घरी नेला, आणि आज तुमच्यापुढे ठेवत आहे.

आधी घडले काय ते सांगतो. आपल्यापैकी एका भगिनीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात निकामी झाला. (तिच्या परवानगीने लिहीत आहे, नाव लिहीत नाही.) तिला भेटायला गेलेल्यांनी काठी देऊ केली, औषधांचा खर्च देऊ केला. ती सर्वांचे आभार मानायची आणि गप्प बसायची. एकदा कुणीतरी सहज विचारले, "मावशी, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची अडचण होते?" ती म्हणाली, "भाकरी. एका हाताने पीठ मळायला गेलं की परात गरगर फिरते. नातवाला माझ्या हातची भाकरी हवी असते."

हे ऐकणाऱ्यांत कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेला एक फिटर होता. त्याने एका सुताराला आणि इंजिनीयरिंग शिकणाऱ्या एका मुलाला सोबत घेतले. तिघांनी परातीच्या तळाचे माप घेतले, जाड लाकडाचे कडे केले, आतून सायकलच्या ट्यूबचे रबर बसवले आणि ते कडे ओट्याला घट्ट बोल्ट केले. परात त्यात बसली की हलत नसे. तिघेही खूश झाले. मावशी मात्र दोन दिवसांनी म्हणाल्या, "फार छान झालंय, पण मला उभं राहवत नाही." भाकरीला लागणारा वेळ त्या पायावर उभ्याच राहू शकत नव्हत्या, आणि हे कुणी विचारलेच नव्हते! मग पुन्हा मापे घेतली. स्टुलावर बसल्यावर डाव्या हाताला सोयीची पडेल एवढ्या उंचीचे छोटे टेबल केले, त्यावर कडे बसवले, तव्याची जागाही हाताशी येईल अशी बदलली. असे सारे मिळून चाळीस तास झाले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू या. तो प्रश्न कंजूष माणसाचा नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात होत्या. (आता आपण दिव्यांग हा शब्द वापरतो. शब्द बदलला, अडचणी फारशा बदललेल्या नाहीत.) एकीला चाळीस तास, तर एकोणतीस लाखांना किती? असा हिशेब मांडला की डोके चक्रावते. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने ते जास्तीत जास्त लोकांना पुरेल असे वाटावे, ही विचारसरणी नीतिशास्त्रात फार जुनी आणि आदरणीय आहे. तिला हृदय नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल.

शिवाय याच हिशेबाने केवढे मोठे काम झाले आहे ते पाहा. माझ्या पिढीतील प्रत्येकाच्या वर्गात पोलिओने पाय लुळा पडलेला एखादा मुलगा असायचा. आज शाळेच्या वर्गात तसा मुलगा दिसत नाही. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आपल्या देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळाले. हे कशामुळे झाले? गोऱ्याला, काळ्याला, श्रीमंताला, झोपडीतल्याला तेच दोन थेंब दिले म्हणून. तिथे कुणी प्रत्येक बाळासाठी वेगळे थेंब बनवत बसले असते, तर ते पाप ठरले असते.

मग भाकरीच्या कड्याला हा हिशेब का लावायचा नाही?

मला वाटते, उत्तर इथेच दडलेले आहे. थेंब सगळ्यांना सारखे चालतात, कारण रोगाचा विषाणू सगळ्यांच्या शरीरात सारखाच वागतो. पण पोलिओ होऊन गेल्यानंतर प्रत्येकाचा पाय वेगळा होतो. एकाचा गुडघ्यात वाकतो, दुसऱ्याचा घोट्यात वळतो, तिसऱ्याचा तीन बोटे आखूड पडतो. काही मदत सर्वांना एकाच आकारात देता येते, आणि काही मदत ज्याची त्याच्या आकारातच द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारची मदत पहिल्या पद्धतीने वाटली, तर ती जास्त लोकांपर्यंत पोहोचत नाही. ती कुणापर्यंतच पोहोचत नाही.

हे मी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना आम्ही वर्गणी काढून चाकाच्या खुर्च्या वाटल्या. छान कार्यक्रम झाला, फोटो निघाले. सहा महिन्यांनी मी वस्तीत एका घरी आजाऱ्याला भेटायला गेलो, तेव्हा आमची खुर्ची गल्लीत उभी होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. घराची चौकट खुर्चीपेक्षा चार बोटे अरुंद होती. दारापुढे गटार आणि त्यावर एक फरशी. ज्याच्यासाठी खुर्ची दिली तो माणूस आत पलंगावर पडून होता. तो मलाच धीर देत म्हणाला, "असू द्या फादर, तुम्ही आठवणीनं दिली." आमच्या हिशेबात तो 'लाभार्थी' होता. कुणी टेप घेऊन त्याच्या दाराशी गेले नव्हते. मीही नाही.

असेच एकेकाळी कृत्रिम पायांचे झाले होते. परदेशी पद्धतीचे पाय बुटात घालून, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांसाठी बनवलेले होते. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, जेवायला मांडी घालतो, उकिडवा बसतो. त्याला तो पाय पायासारखा वाटेना. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय घडवला की तो बुटाशिवाय चालतो, पाण्यात भिजतो आणि बसताना वाकतो. शर्मा हे हाताने घडवणारे, फारसे न शिकलेले, डॉ. सेठी परदेशात शिकून आलेले. दोघांनी मिळून 'पाय म्हणजे काय' हा प्रश्न रुग्णाच्या जगण्याला विचारला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तोच पाय पुढे लाखो लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचवला.

इथे आमचे हिशेबनीस म्हणतील, "बघा, शेवटी लाखोंनाच दिला ना?" होय. पण कृत्रिम पाय बसवताना एकदा पाहा. आपल्या पुण्यात वानवडीला १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांनाही तिथे अवयव बसवून मिळतात. खालचे पाऊल ठरावीक मापांत तयार मिळू शकते. पण उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो, ती खोबणी त्या एकाच माणसाच्या पायाचा साचा घेऊन करावी लागते. ती जरा चुकली की कातडी सोलते, जखम होते आणि तो सुंदर पाय खुंटीवर टांगला जातो. म्हणजे लाखांच्या कामातही एक जागा अशी येते, जिथे कारागिराला एका माणसासमोर गुडघे टेकून बसावेच लागते. तिथे घाई केली की बाकीचे सगळे वाया जाते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमचे एक वृद्ध प्राध्यापक ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकवायचे. त्या ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाची चर्चा आहे, आणि तिथे एका पट्टीचा उल्लेख येतो. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी ताठ राहते, दगड तिच्याप्रमाणे तासावा लागतो. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की, कायदा सर्वांसाठी केलेला असल्यामुळे एखाद्या प्रसंगी अपुरा पडतो. कायदा वाईट म्हणून नव्हे, तो सर्वसाधारण असतो म्हणून. अशा वेळी जो माणूस समोरची परिस्थिती पाहून न्याय वाकवून बसवतो, तो न्याय मोडत नाही, पूर्ण करतो.

परीक्षेत मी या प्रश्नाला चांगले गुण मिळवले होते. पण ती पट्टी प्रत्यक्षात पाहिली ती त्या फिटरच्या हातात. परातीची कड जिथे ठोकून किंचित वेडीवाकडी झाली होती, तिथे त्याने आधी कागद दाबून आकार उतरवला आणि मग लाकूड कापले. मी म्हटले, "नवीन गोल परातच आणली असती तर?" तो म्हणाला, "फादर, ही त्यांच्या सासूची परात आहे."

असे काम जगात इतर ठिकाणीही चालते. ब्रिटनमध्ये पॅट जॉन्सन नावाच्या इंजिनीयरची बहीण पोलिओने अपंग झाली होती. तिच्या अडचणी सोडवता सोडवता १९६४ मध्ये 'रिमॅप' ही संस्था उभी राहिली. निवृत्त इंजिनीयर आणि कारागीर तिथे फुकट काम करतात आणि जे बाजारात मिळत नाही तेवढेच बनवतात, एका वेळी एका माणसासाठी. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड व्हॅन आस नावाच्या सुताराची बोटे २०११ मध्ये करवतीत गेली. अमेरिकेतील आयव्हन ओवेन या कारागिराने गंमत म्हणून एक यांत्रिक हात केला होता, तो पाहून त्याने संपर्क साधला. हजारो मैलांवरून दोघांनी मिळून आधी बोट, मग एका पाच वर्षांच्या मुलासाठी हात बनवला आणि त्याचा आराखडा सर्वांना मोफत खुला केला. त्यातूनच पुढे थ्रीडी प्रिंटरवर मुलांसाठी हात बनवून देणाऱ्या स्वयंसेवकांचे 'ईनेबल' हे जाळे तयार झाले. आपल्याकडे पुण्यात शिकत असताना प्रशांत गाडे या तरुणाला दोन्ही हात नसलेली एक लहान मुलगी भेटली. कृत्रिम हातांची किंमत ऐकून तो हादरला, आणि परवडणारा हात बनवण्याच्या त्याच्या धडपडीतून 'इनाली' उभी राहिली.

ही उदाहरणे देताना मला एक मोह होतो, तो कबूल करतो. "एकासाठी केलेले काम शेवटी हजारांच्या उपयोगी पडते, म्हणून ते करावे," असे म्हटले की हिशेबनीसांचे समाधान होईल. अनेकदा ते खरेही ठरते. पण मग आमच्या मावशींच्या कड्याचे काय? ते दुसऱ्या कुणाच्या परातीला बसणार नाही. त्याचा आराखडा कुणी मागणार नाही. ते केवळ एका घरात, एका स्टुलापुढे उभे राहील. हजारांच्या उपयोगी पडले नाही म्हणून ते व्यर्थ गेले का? तसे मानले, तर मावशी म्हणजे हजारांपर्यंत जाण्याची एक पायरी ठरतात. माणूस हा पायरी नव्हे. त्याच्यापाशी येऊन थांबता आले पाहिजे.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती आम्हा मदत करणाऱ्यांना बोचणारी आहे. एकासाठी खूप वेळ दिला म्हणजे आपोआप चांगले झाले असे नाही. डेव्हिड वर्नर या अमेरिकन गृहस्थांनी मेक्सिकोतील खेड्यांत अपंगांसाठी आयुष्यभर काम केले. ते स्वतः जन्मजात स्नायूंच्या विकाराचे. लहानपणी डॉक्टरांनी त्यांच्या पायांसाठी खास आधार बनवून दिले. त्यांनी चालणे आणखी कठीण झाले. मुलगा सांगत होता, पण कुणी ऐकले नाही. शेवटी तो ते लपवून ठेवू लागला. अनेक वर्षांनी त्यांच्या पायाला योग्य बसणारे हलके आधार बनवले ते मेक्सिकोच्या एका खेड्यातील, स्वतः पोलिओ झालेल्या कारागिराने, आणि तेही त्यांना विचारत, बदलत, पुन्हा विचारत. म्हणजे 'खास बनवलेले' एवढे पुरेसे नाही. कुणाला विचारून बनवले, हे महत्त्वाचे.

मार्कच्या शुभवर्तमानातील आंधळा बार्तीमय तुम्हाला आठवत असेल. तो यरीहोच्या रस्त्यावर बसून ओरडत होता. त्याला काय हवे आहे हे गर्दीतल्या लहान मुलालाही कळले असते. तरीही प्रभू येशू थांबला आणि मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्याने त्यालाच विचारले. मला पूर्वी हा प्रश्न अनावश्यक वाटायचा. वस्तीतली ती खुर्ची पाहिल्यापासून वाटत नाही. विचारले नसते तर बार्तीमय फक्त दया घेणारा राहिला असता. विचारल्यामुळे तो बोलणारा झाला. मावशी "मला उभं राहवत नाही" असे म्हणाल्या आणि तिघांचे काम नापास केले, तो मला या साऱ्या हकिकतीतला सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. दान घेणारा माणूस तक्रार करत नाही. ज्याच्यासाठी वस्तू बनते आहे तोच तक्रार करतो.

तर मग त्या गृहस्थांना मी काय उत्तर देऊ? पुढच्या रविवारी मी त्यांना गाठले आणि सांगितले, "तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या खात्याचा आहे." फिटरचे चाळीस तास बँकेतल्या रुपयांसारखे नाहीत, एकाच्या खात्यातून काढून शंभरांच्या खात्यात टाकता येत नाहीत. ते त्याच्या हातातले कसब आहे, आणि कसब एका वेळी एकाच वस्तूवर चालते. पण सर्वांना सारखी लागणारी जी मदत आहे, ती स्वयंसेवकांच्या भलेपणावर सोडणे हाही अन्याय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत प्रवेश हा त्यांचा हक्क मानला आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. ते काम सरकारचे, महापालिकेचे आणि आपल्यासारख्या संस्थांचे. तिथे हिशेब हवा, वर्गणी हवी, पाठपुरावा हवा.

आणि मग मी त्यांना आपल्या चर्चच्या दाराशी नेले. तिथे तीन पायऱ्या आहेत. मावशी आजारपणानंतर कितीदा मिस्सेला आल्या, हे आम्ही दोघांनी आठवून पाहिले. एकदा. तेही दोघांनी धरून वर चढवले तेव्हा. चाळीस तासांचा प्रश्न विचारणाऱ्याला आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्याला, दोघांनाही त्या पायऱ्या इतकी वर्षे दिसल्या नव्हत्या.

ते गृहस्थ बराच वेळ पायऱ्यांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "उताराला किती लांबी लागेल, ते फिटरला विचारतो. खर्चाचा तक्ता मी करतो." मला वाटते, त्या क्षणी दोन्ही खाती जुळली. उतार सर्वांसाठी, एकाच मापाचा, आणि तो आपण सर्वांनी मिळून द्यायचा. कडे एकीसाठी, तिच्याच मापाचे, आणि ते ज्याला येते त्याने बनवायचे. उतार नसेल तर कडे म्हणजे चार भिंतींतली सोय राहते. कडे नसेल तर उतार चढून आलेल्या माणसाला घरी परतल्यावर काय हवे, हे आपल्याला कधीच कळत नाही.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. आपल्या घराच्या, दुकानाच्या, सोसायटीच्या दाराशी उभे राहून चाकाची खुर्ची आत येईल का ते पाहावे. आणि आपल्या ओळखीच्या एका आजारी किंवा अपंग व्यक्तीकडे जाऊन, काहीही न देता, फक्त विचारावे: तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची अडचण होते? उत्तर ऐकून घाईने आश्वासन देऊ नये. ते कागदावर लिहून माझ्याकडे किंवा फिटरकडे आणावे. चाळीस तास लागले तर लागू देत.

मावशींचा निरोप आहे की टेबल आता ठीक आहे, पण डावीकडचा पाय जरा डुगडुगतो. फिटर शनिवारी पुन्हा जाणार आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू